गिरणीवाल्याची बायको

सकाळची चिपळूण गाडी पाटण स्टँडवरून सुटायच्या बेतात होती. सपकाळ ड्रायव्हर चढून बसले होते, इंजिन धडधडत होतं. मी दार ओढून घेणार एवढ्यात एक माणूस पायरीवर पाय देऊन आत शिरला आणि माझ्याकडं न बघता थेट मागं गेला. शेवटच्या लांब बाकावर, खिडकीच्या कडेला बसला. अंगात धुतलेला पांढरा सदरा, हातात पिशवीसुद्धा नाही.

ते हिंदुराव निकम होते. माझे मालक.

सकाळी घरातून निघताना मला म्हणाले होते, गिरणीचा पट्टा तुटायला आलाय, कराडला जाऊन नवा घेऊन येतो. कराड एका अंगाला, चिपळूण दुसऱ्या अंगाला. मी घंटीची दोरी ओढली आणि गाडी निघाली.

पुढून तिकिटं फाडत मी मागं निघाले. रोज हातानं आपोआप होणारं काम, पण त्या दिवशी पंचाचा दांडा दोनदा हातातून निसटला. नेहमीची माणसं होती. कोयनेच्या शाळेतल्या दोन बाई, मुलीकडं निघालेली एक म्हातारी, कोकणात माल घ्यायला निघालेले व्यापारी. सगळ्यांशी बोलत, हसत मी शेवटच्या बाकापाशी पोचले.

"कुठं?" मी विचारलं.

"चिपळूण," खिडकीबाहेर बघतच मालक म्हणाले.

मी तिकीट फाडलं, त्यांनी पैसे दिले. बोटाला बोट लागलं नाही, एवढी काळजी दोघांनीही घेतली.

हे सगळं कुठून सुरू झालं ते आधी सांगायला हवं. एसटीत बायकांना कंडक्टर म्हणून घेतात, ही बातमी मला मालकांनीच आणली होती. मी बारावी झालेली, लग्नानंतर घरात बसून होते. "शालन, तू कर ही नोकरी. तुझा हिशोब माझ्यापेक्षा पक्का हाय," असं म्हणून त्यांनीच मला साताऱ्याला परीक्षेला नेलं. मी उत्तीर्ण झाले तेव्हा गिरणीवर दळण घेऊन आलेल्या प्रत्येक बाईच्या हातावर त्यांनी पेढा ठेवला. आमच्या डेपोत मी पहिली बाई कंडक्टर. पहिल्या दिवशी खाकी साडी नेसून मी गाडीत चढले तेव्हा हा माणूस राजश्रीला, म्हणजे आमच्या मुलीला, खांद्यावर घेऊन स्टँडवर उभा होता.

गिरणीच्या शेजारच्या गाळ्यात विलास टेलर होता. त्याच्याकडं काम कमी आणि वेळ जास्त. दुपारी मशीन बंद करून तो गिरणीच्या उंबऱ्यावर येऊन बसायचा. सुरुवातीला तो काही वाईट बोलला नाही. वहिनींची ड्युटी कुणाबरोबर असते, एवढंच विचारलं. मग म्हणाला, सपकाळ म्हणजे तो चिपळूणकडचा ना, एकटाच राहतो इथं डेपोच्या खोलीवर. मग आणखी काही दिवसांनी म्हणाला, परवा हेळवाकला दोघं एकाच बाकड्यावर चहा पीत बसलेले आपल्या एका माणसानं बघितलं, तसं काही नसेल म्हणा.

हे मला पुढं कळलं. तेव्हा मला दिसायचं ते एवढंच, की मालक बदलत चाललेत. आधी ते विचारायचे, आज गर्दी होती का. आता विचारायचे, आज गाडीवर कोण होतं. सपकाळच होते म्हटलं की पुढचं बोलणं बंद. चिपळूणहून मी एकदा सुके बोंबील आणले. त्यांना भारी आवडायचे. ताटात वाढल्यावर त्यांनी विचारलं, बाजारात एकटी गेली होतीस का. मी खरं ते सांगितलं, सपकाळांनाही घ्यायचे होते, दोघं मिळून गेलो. मालकांनी बोंबील ताटाच्या कडेला सारले आणि ताकाबरोबर भाकरी खाऊन उठले.

मी केसाला नवी पिन लावली की त्यांची नजर पिनेवर जायची. साडीला इस्त्री केली की विचारायचे, रोज लागते का. मी उशिरा आले की विचारायचे, आणि लवकर आले तरी विचारायचे. एकदा मी सरळच म्हटलं, तुमच्या मनात काय आहे ते एकदा बोलून टाका. तेव्हा म्हणाले, "माझ्या मनात काय न्हाई. लोक बोलतात." कोण लोक, म्हणून विचारलं तर उठून गिरणीत गेले.

आणि आता ते शेवटच्या बाकावर बसले होते.

गाडी कोयनेच्या काठानं चालली होती. तिकिटं संपली की मी दारापाशी माझ्या सीटवर बसायचे. तिथून ड्रायव्हरशी दोन शब्द बोलता येतात. सपकाळ बोलका माणूस. त्यांच्या म्हशीचं, म्हाताऱ्या आईच्या गुडघ्याचं, कुठल्या वळणावर परवा दरड आली त्याचं बोलत राहायचे. पण त्या दिवशी मी गाडीच्या मध्यावर दांडीला धरून उभीच राहिले. पुढं जाऊन बसावं तर मालकांना वाटेल, मी समोर असतानासुद्धा हिला राहवत नाही. न बसावं तर वाटेल, मी आलोय म्हणून साळसूद बनलीय. हसावं का नाही, बोलावं का नाही, मला काहीच कळेना.

सपकाळांनी आरशातून बघितलं आणि ओरडून विचारलं, "बाई, बरं नाही का आज? बसून घ्या."

"बरी आहे," मी म्हटलं. आणि तेवढंच बोलताना माझा आवाज मलाच परका वाटला.

तेव्हा एक गोष्ट घडली, ती मला आजही आवडत नाही. इतके महिने मी त्या माणसाबरोबर गाडीवर होते, पण त्याच्याकडं पुरुष म्हणून कधी बघितलं नव्हतं. त्या सकाळी मी पहिल्यांदा बघितलं. स्टिअरिंगवरचे त्याचे हात, मानेवरचे कापलेले केस, सदऱ्याची कॉलर. मी माझ्या नवऱ्याच्या डोळ्यांनी बघत होते. विलास टेलरनं त्यांच्या डोक्यात घातलेलं आता माझ्याही डोक्यात शिरलं होतं. मी पटकन मान वळवली, तर शेवटच्या बाकावरून मालक माझ्याकडंच बघत होते. मी कुठं बघत होते ते त्यांना दिसलं होतं.

हेळवाकला गाडी चहाला थांबते. सपकाळ उतरले आणि नेहमीसारखे दोन कप घेऊन आले. मालक खाली उतरून पानपट्टीशी उभे होते. क्षणभर वाटलं, नको म्हणावं. मग वाटलं, रोज पिते तो चहा आज का नको? मी कप घेतला आणि सगळ्यांच्या देखत, सावकाश, शेवटच्या घोटापर्यंत प्यायले. मालकांनी पान तोंडात घातलं नाही. हातात धरून ठेवलं आणि गाडीत चढताना टाकून दिलं.

तिथं दोन नवे प्रवासी चढले. पन्नाशीचे, एकाच्या डोक्याला फेटा, दुसऱ्याच्या खांद्यावर रिकामं पोतं. पोफळीपर्यंतचं तिकीट घेतलं आणि मालकांच्या अगदी पुढच्या सीटवर बसले. मालकांना ते ओळखत नव्हते, मालकही त्यांना ओळखत नव्हते. फेटेवाल्याला ऐकू कमी येत असावं, कारण पोतंवाला त्याच्याशी वरच्या आवाजात बोलत होता.

घाट सुरू झाला. पुढच्या बाजूला एक बाई लेकरं घेऊन चढली होती, तिला सीट करून देऊन मी परत मागं आले आणि त्या दोघांच्या पुढं दोन सीट सोडून उभी राहिले. माझी पाठ त्यांच्याकडं होती. घाटात गाडी उतरताना इंजिन घोंघावतं, त्यामुळं पोतंवाल्याला वाटलं असेल की आपलं बोलणं आपल्यापुरतं आहे.

"ही तीच बरं का," तो म्हणाला. "पाटणच्या गिरणीवाल्याची बायको."

"कुणाची?"

"गिरणीवाल्याची. आन् त्यो पुढं बसलाय न्हवं, त्येच्याबरोबर हाय. समद्या पाटणात झालंय. नवरा सोताच सांगतो म्हणं."

"नवरा सांगतो?"

"शेजारच्या टेलरला सांगितलं त्येनं. माझी बायको हातची गेली म्हणून. घरातनं काढून दिलीय म्हणं तिला आता. पोरगी हाय एक, पर ती तरी त्येची का ह्या डायवरची, कुणाला ठावं."

फेटेवाला हसला. मोठ्यानं नाही, गमतीची गोष्ट ऐकल्यावर माणूस हसतो तसा.

मी वळले. त्या दोघांकडं माझं लक्षच गेलं नाही. मी त्यांच्या मागं बसलेल्या माणसाकडं बघत होते. मालकांचा चेहरा पांढरा पडला होता. मला वाटलं, आता ते उठतील. गचांडी धरतील, नाहीतर निदान म्हणतील की ती पोरगी माझी आहे. राजश्रीला जन्मल्यापासून त्यांनी भुईवर पाय टेकू दिला नव्हता. तिचं नाक, तिची जिवणी, चालताना डावा पाय जरा बाहेर टाकायची सवय, सगळं त्यांचं.

ते उठले नाहीत. त्यांनी तोंड खिडकीकडं फिरवलं आणि समोरच्या सीटची दांडी दोन्ही हातांनी धरून बसून राहिले.

पोफळीला ते दोघं उतरले. उतरताना पोतंवाला मला म्हणाला, "येतो बाई," आणि गालात हसला. मी दोरी ओढली.

चिपळूणला पोचेपर्यंत मी पुढं जाऊन माझ्या सीटवर बसून राहिले. कुणाला काय वाटायचं ते वाटो, असं वाटून नाही. उभं राहायचं त्राण उरलं नव्हतं म्हणून. तोवर मला मालकांची कीव येत होती, भीती वाटत होती. आता फक्त राग होता. माझ्याबद्दल कुणी काही बोलावं, ते मी रोज थोडंफार ऐकतच होते. बाई कंडक्टर म्हटली की बोलणारे असतात. पण हे माझ्या घरातून निघालं होतं. माझ्या नवऱ्याच्या तोंडून निघून, घाट उतरून, कोण कुठल्या पोतंवाल्याच्या तोंडातून ते माझ्यापुढं आलं होतं.

चिपळूण स्टँडवर गाडी रिकामी झाली. परतीला वेळ होता. सपकाळ एंट्री करून जेवायला गेले. मालक शेवटच्या बाकावर तसेच बसून होते. मी मागं गेले आणि मधल्या वाटेपलीकडच्या सीटवर बसले. बाहेर रत्नागिरी गाडीसाठी लोक धावत होते.

"पोरीचं मी कधीच बोललो न्हाई," शेवटी मालक म्हणाले.

"मग काय बोलला होता?"

ते खाली बघत राहिले. "विलासजवळ बोललो. एवढंच म्हणलो, की माझं मन लागंना, हिचं काहीतरी हाय असं वाटतं. एवढंच. घरातनं काढलं, पोरगी माझी न्हवं, असलं काय बोललो न्हाई मी. देवाशपथ."

"एवढंच तेवढंच नसतं हो," मी म्हटलं. "तुम्ही दाराची कडी काढली. आत कोण कोण आलं त्याचा पत्ता तुम्हाला आज लागला."

मला अजून बोलायचं होतं. मी जे कधीच सांगणार नव्हते, ते त्या रिकाम्या गाडीत माझ्या तोंडावर आलं.

"मी साताऱ्याला ट्रेनिंगला होते तेव्हाची गोष्ट," मी म्हटलं. "सुट्टीला घरी आले होते. एक बाई माझ्याकडं आली. चहा पिऊन झाल्यावर म्हणाली, शालन, तू तिकडं आणि इकडं खालच्या आळीची विमल रोज गिरणीवर येते. सगळी गिऱ्हाइकं गेली की येते. शटर अर्धं खाली ओढलेलं असतं."

मालकांनी झटक्यात मान वर केली.

"कोण बाई?"

"विमलला नवऱ्यानं टाकलंय, माहेरी भावाकडं राहते, लहान मुलगी आहे, दिसायला चांगली आहे, हे सगळं तिनं मला सांगितलं. साडीचा रंगसुद्धा सांगितला. जांभळी."

"कोण बाई ती?"

"मला ते खरं वाटलं," मी म्हटलं. "ट्रेनिंग संपवून घरी आल्यावरही भाकरी थापताना मला ती जांभळी साडी दिसायची. तुम्ही गिरणीतून आलात की मी तुमच्या सदऱ्यावरचं पीठ बघायचे, कुठं हाताचा ठसा आहे का. तुम्ही झोपेत कूस बदलली तरी वाटायचं, तिची आठवण आली असेल. रस्त्यात विमल दिसली की मी तिच्या चालीकडं बघायचे आणि माझी चाल मला बेंगरूळ वाटायची. जेवण जात नव्हतं. तुम्हाला आठवतंय का, तुम्ही मला डॉक्टरकडं नेलं होतं, अशक्तपणा आलाय म्हणून?"

त्यांना आठवत होतं. त्यांच्या चेहऱ्यावर दिसलं.

"एका संध्याकाळी मी ठरवलं, जाऊन बघायचंच. राजश्रीला शेजारी ठेवलं आणि निघाले. गिरणीच्या कोपऱ्यापर्यंत आले. तिथून शटर दिसत नव्हतं, आणखी दहा-बारा पावलं टाकली असती तर दिसलं असतं. तिथं उभी राहिले आणि माझ्या ध्यानात आलं, की आत विमल असली तरी मला ती दिसणार आणि नसली तरी दिसणार. दळण न्यायला आलेली असली तरी मला ती त्यासाठी आलेली वाटणार नाही. माझे डोळे माझे राहिले नव्हते. मी तिथूनच मागं फिरले. त्या बाईनं पुन्हा विषय काढला तेव्हा मी तिला सांगितलं, माझ्या घरात बसून माझ्या नवऱ्याचं बोलायचं नाही. ती तेव्हापासून यायची बंद झाली."

"तू मला विचारलं का न्हाईस?"

"काय विचारायचं? तुम्ही नाही म्हटला असता तर मला पटलं नसतं. हो म्हटला असता तर लगेच पटलं असतं. असल्या कानांनी विचारण्यात अर्थ नव्हता. आणि तुम्हाला आज हे ऐकवतेय ते उत्तर पाहिजे म्हणून नाही. एवढंच सांगायला, की माझ्याही कानात लोकांनी ओतलं होतं. मी ते बाजारात नेऊन सांडलं नाही."

मला वाटलं होतं, आता ते माफी मागतील, नाहीतर पुन्हा त्या बाईचं नाव विचारतील. ते दोन्ही झालं नाही. मग अगदी हळू आवाजात म्हणाले, "विमल यायची."

मी ऐकत राहिले.

"शेवटाला यायची, हे खरं हाय. चार बायकांत तिला टोचून बोलायच्या म्हणून गर्दी सरल्यावर यायची. शटर मी रोजच अर्धं ओढतो, पीठ उडतंय म्हणून. आत काय झालं न्हाई शालन. हातसुद्धा लागला न्हाई. तिला तर माझ्या मनातलं ठाऊकसुद्धा नसंल. पण..." ते थांबले. "पण ती यायची वाट बघायचो मी. ज्या दिवशी येत नव्हती त्या दिवशी करमायचं न्हाई. तू तिकडं होतीस, घर मोकळं होतं. आन् विलास तुझं बोलाय लागला तेव्हा मला वाटलं, मी जर घरची बायको असताना दुसरीची वाट बघू शकतो, तर ही बी बघत असंल. मला खात्रीच वाटली. माझंच मन ठाऊक होतं ना मला."

कोपऱ्यावरून मागं फिरले तेव्हा मला वाटलं होतं, मी ते जिंकलं. त्या क्षणी कळलं, की तेव्हा लढाई सोपी होती, कारण ऐकलेलं खोटं असेल असा आधार होता. आता खुद्द त्यांच्या तोंडून आलेलं खरं माझ्यापुढं होतं. हात लागला असता तर एक वेळ भांडता आलं असतं. वाट बघितली, ह्याला काय करायचं? ती न आलेल्या दिवशी करमायचं नाही, हे वाक्य माझ्या छातीत जाऊन बसलं. माझ्यावाचून ह्या माणसाला कधी करमेनासं झालं होतं का, ते मी आठवायला लागले आणि मला काही आठवेना.

गाडीचं दार वाजलं. सपकाळ जेवून आले होते. मला मागच्या बाजूला कुणाशी तरी बोलताना बघून ते थांबले. "कोण पाहुणे, बाई?"

मी उठले. "हे माझे मालक," मी म्हटलं.

सपकाळांनी कपाळाला हात लावला. "अहो दाजी, पाटणपासून बसलाय आणि ओळख दिली नाही? पुढं बसवलं असतं तुम्हाला. जेवलात का? चला, माझ्या ओळखीची खानावळ आहे, मासे ताजे असतात." आणि त्यांनी मालकांचा हात धरून त्यांना खाली उतरवलंसुद्धा. मालक एकदा माझ्याकडं बघून मुकाट्यानं त्यांच्यामागं गेले. हा मनुष्य स्वतः जेवलेला असून मालकांचं जेवण होईपर्यंत तिथं बसून राहिला, असं मला मागाहून कळलं. त्याला आमच्यातलं काहीच ठाऊक नव्हतं आणि आम्ही ते त्याला कधी कळू दिलं नाही.

येताना मालक पुढच्या सीटवर बसले. सपकाळ त्यांच्याशी म्हशीबद्दल बोलत होते. ते हूं हूं करत होते. मी तिकिटं फाडत होते आणि घाटाच्या प्रत्येक वळणावर मला विमल दिसत होती.

लगेच सगळं निवळलं, असं नाही. मालकांचं विचारणं एकदम थांबलं नाही. घरी आले की तोंडावर प्रश्न यायचा, तो ते गिळायचे आणि मला तो गिळताना दिसायचा. विलास टेलरशी ते भांडले नाहीत. गिरणीवर येणाऱ्या बायकांनी मला सांगितलं, की विलास उंबऱ्यावर येऊन बसला आणि कुणाचं काही बोलायला लागला, की निकमदादा गिरणीचं बटण दाबतात. दळण असो नसो. त्या घरघरीत काय ऐकू येणार? चारदा असं झाल्यावर विलासनं उंबरा सोडला. रिकामी गिरणी चालवून दगड मात्र झिजले, पुन्हा खरखरीत करायला त्यांना टाकी लावून घ्यावी लागली.

माझं काय झालं ते कुणाला दिसलं नाही. मालकांनी जे सांगितलं ते विसरायचा मी पुष्कळ प्रयत्न केला आणि जमलं नाही. मग मी तो नाद सोडला. ती गोष्ट मनात राहू दिली, पण तिच्याशेजारी दुसरं काही बसू दिलं नाही. विमल आज गिरणीवर गेली होती का, कुठली साडी होती, हे कुणाकडून कळून घेतलं नाही. मालकांना एकदाही विचारलं नाही, की अजून वाट बघता का. विचारावंसं वाटलं नाही असं नाही. कित्येकदा शब्द ओठांवर येऊन परत गेले. त्यांनी त्या बाईचं नाव मात्र पुढं वर्षानुवर्षं विचारलं. मी ते दिलं नाही. नाव मिळालं असतं तर तिच्यावर डूख धरून बसले असते, आणि घरात नुसता डूख राहायला आला असता.

सपकाळ पुढं बदली होऊन गुहागरला गेले. मी आता स्टँडवर कंट्रोलरच्या खिडकीत बसते. राजश्री पुण्याला नोकरी करते, चालताना तिचा डावा पाय अजून जरा बाहेर पडतो.

गेल्या वैशाखात विमलच्या मुलीचं लग्न झालं. आमंत्रण द्यायला विमल स्वतः घरी आली होती. मालक म्हणाले, तू जा, मी नाही येत. मी म्हटलं, दोघं जायचं. मांडवात ते पुरुषांच्या पंगतीला खाली मान घालून बसले, कुणी काही वाढलं तरी नको म्हणायचे नाहीत. मी बायकांच्या पंगतीत होते. जिलबी घेऊन विमल स्वतः आली. केस पुष्कळ पिकले होते, पण चाल तीच होती, हलकी. एकटीनं मुलगी वाढवून, शिकवून, तिनं हा दिवस आणला होता. माझ्यापुढं ती वाकली आणि हसली. त्या हसण्यात काहीसुद्धा नव्हतं. तिला खरंच कधी काही कळलंच नव्हतं.

"वहिनी, आणखी वाढू का?" तिनं विचारलं.

खोटं कशाला बोलू, तेव्हासुद्धा आत बारीकसं टोचलं. इतक्या वर्षांनी, पिकल्या केसांकडं बघून.

"वाढा," मी म्हटलं आणि ताट पुढं केलं.